म्हशीच्या मापाचे खांब

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. राधानगरीकडचं गाव, दारात म्हशी, आणि मी सिव्हिल इंजिनिअर. हे सांगायला मी लाजत नाही. उलट जरा जास्तच सांगते, असं नवरा म्हणतो.

कोल्हापुरातल्या एका जुन्या दूधकट्ट्यापुढं लोखंडी खांब बसवायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. साईट माझ्याकडं होती. संध्याकाळी कट्ट्यापाशी म्हशी यायच्या, गिऱ्हाईक समोर उभं राहायचं आणि डोळ्यांदेखत काढलेल्या धारेचा फेसाळ ग्लास हातात घ्यायचं. पूर्वीपासून असंच चाललेलं. मधल्या काळात गाड्या वाढल्या, रस्ता होता तेवढाच राहिला. मग एका संध्याकाळी ब्रेक न लागलेला टेम्पो थेट गिऱ्हाइकांत घुसला. एका माणसाचा पाय मोडला, कट्ट्याचा कोपरा फुटला. तक्रारी झाल्या, म्हशी शहराबाहेर काढा म्हणून. शेवटी ठरलं ते असं: कडेनं खांबांची रांग टाकायची, माणसं आणि म्हशी रांगेच्या आत. म्हैस बाहेर रस्त्यावर उभी दिसली, तर कट्टा बंद.

त्या कट्ट्यावर आता एकच म्हैसवाले उरले होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. वय झालेलं, घर दोन म्हशींवर चाललेलं. खड्डे खणायला सुरुवात केली तेव्हा ते कट्ट्यावर बसून नुसते बघत होते.

नकाशात खांबांमधलं अंतर माणसाच्या मापानं दिलेलं. गल्लीच्या तोंडाकडच्या दोन खांबांत मी ते वाढवून मागितलं. गाभण म्हशीचं पोट चालताना दोन्ही अंगांना किती झुलतं, हे मला कुठल्या पुस्तकात शोधायचं नव्हतं.

ठेकेदार म्हणाला, "म्याडम, म्हशीला पास बी काढून देऊया काय?"

"पास नको, वाट द्या," मी म्हटलं. त्यानं दिली.

काँक्रीट मुरलं, खांबांना पिवळा रंग लागला, वर चमकणारी पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे साहेब पाहणीला येणार होते. आदल्या संध्याकाळी मामा म्हशी घेऊन आले. पुढची म्हैस त्या दोन खांबांपाशी आली, फुस्स करून थांबली आणि चार पाय रोवून उभी राहिली.

"हल की बाय," मामा म्हणाले. कान ओढले, पाठ थोपटली. मागची पुढचीवर येऊन धडकली. रस्त्यात गाड्या तुंबल्या.

एक रिक्षावाला ओरडला, "मामा, आधी तिचं लायसन काढा."

"तुझं हाय काय?" मामा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "ताई, वाट तर पुरतीया की. मग का जाईना? उद्या सायेबासमोर ही अशीच हुबी ऱ्हायली, तर माझा कट्टा गेला म्हणायचा."

पोट मी मोजलं होतं, नाक विसरले होते. नव्या रंगाचा वास मला इतक्या लांबून येत होता, तिचं तर तोंडच खांबाला लागलेलं. आमच्याकडं गोठ्यात नवा खुंटा रोवला, की आई आधी त्याला त्याच म्हशीच्या शेणाचा हात फिरवायची, मगच दावं बांधायची.

मी मागं गेले. म्हशीनं रस्त्यातच शेण टाकलं होतं. ओंजळभर उचललं आणि दोन्ही खांबांना आतल्या बाजूनं फासलं. रस्त्याकडची चमकती पट्टी तेवढी मोकळी ठेवली.

"म्याडम, नवा रंग हाय तो," मुकादम कळवळून म्हणाला.

बाबा सांगायचे, शीक, म्हणजे शेणातनं हात सुटतील. सुटलेच होते. त्या दिवशी मी आपणहून घातले आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

म्हशीनं मान पुढं केली. हुंगलं. एका खांबाला जीभ लावून बघितली आणि पोट झुलवत आत गेली. मागची तिच्या शेपटीला धरून गेल्यासारखी मागोमाग.

मामांनी आभार वगैरे मानले नाहीत. पाण्याचा तांब्या माझ्या हातावर ओतत त्यांनी विचारलं, "कुठल्या गावच्या?"

"राधानगरीकडची."

"तरीच."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. खांब हलवून बघितला, हलला नाही. बोटं नाकाशी नेली. "हे काय फासलंय? पुसून घ्या."

"पुसतो की सायेब," मामा म्हणाले, "पर मग म्हस तुम्ही आत घालायची."

साहेब काही बोलायच्या आत मागून म्हैस आलीच. ते बाजूला झाले, ती त्यांना घासून आत गेली, जागेवर उभी राहिली आणि मामा धारेला बसले. साहेबांनी रस्ता बघितला. रस्त्यावर एकही म्हैस नव्हती. "बरं, असू दे," म्हणाले.

तोवर गिऱ्हाईक जमलं होतं. एक बाई रस्त्याकडं पाठ करून, कडेवरच्या लेकराला घोट घोट पाजत होती. मागून हॉर्न वाजला. तिनं मान वळवली नाही.