आमदारांची राखीव जागा

आमच्या सोसायटीच्या पहिल्याच सभेत नागोराव उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीनं मी सभागृहाचं लक्ष वेधू इच्छितो." सभागृह म्हणजे बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीचं पार्किंग. अध्यक्ष महोदय म्हणजे मी, लेले. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती असं गोंडस नाव देऊन घरी बसवलेला सुपरवायझर. आणि विषय होता गच्चीवरच्या टाकीच्या गळतीचा. सगळे हसले. मी मात्र मनातून सुखावलो. आमच्या घरात मला इतक्या आदरानं कोणी गप्प बस म्हणूनही सांगत नाही.

नागोराव परभणीकडचे. नव्वदच्या दशकात दोनदा आमदार झाले, मग पडले, आणि पुढे मुलाकडे पुण्याला आले. मुलगा आनंद खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. माजी आमदार मुलाच्या दोन खोल्यांत राहतो आणि सकाळी पिशवी घेऊन स्वतः दूध आणतो, हे सोसायटीतल्या लोकांच्या पचनी पडत नसे. "दहा वर्षांत काहीच कसं केलं नाही हो त्यांनी?" असं मला विचारत. हा प्रश्न मतदारसंघाच्या काळजीतून आलेला नसे, हे सांगायला नको.

त्यांनी एक गोष्ट केली होती. कवठाळी या आपल्या गावाला मुक्कामी गाडी मिळवली होती. संध्याकाळी येऊन रात्री गावातच थांबणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी एसटी. आजारी माणूस सकाळी दवाखान्यात पोचावा, पोरीबाळींना कॉलेज गाठता यावं, एवढंच मागणं. मंत्र्यांनी आधी सांगितलं, रस्ता नाही म्हणून गाडी नाही. रस्ता झाल्यावर सांगितलं, चालक-वाहकांच्या राहण्याजेवणाची सोय नाही म्हणून गाडी नाही. नागोराव हताश होऊन घरी आले, तर थोरली बहीण मथुराबाई म्हणाली, "त्यात काय एवढं? माझ्या ओसरीवर झोपतील. दोन भाकरी जास्तीच्या टाकीन." मथुराबाई लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. आई गेल्यावर नागोरावांना तिनंच वाढवलं होतं. गाडी सुरू झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं कोण्या गावचे ड्रायव्हर-कंडक्टर तिच्या हातचं खाऊन तिच्या ओसरीवर झोपले.

पण करायला गेलो एक अन् झालं भलतंच, तशातली गत झाली. त्याच गाडीनं पोरं कॉलेजला गेली, कॉलेजातून पुण्याला आली, आणि वाघोली-खराडीला कामाला लागली. आनंदही त्यांतलाच. जी मागं राहिली त्यांनी मोटारसायकली घेतल्या. गाडी रिकामी धावू लागली आणि भारमान कमी, म्हणजे प्रवासी पुरेसे नाहीत, म्हणून डेपोनं ती बंद केली. आता गाडीची गरज उरली होती ती फक्त ज्यांना मोटारसायकल चालवता येत नाही त्यांना. म्हणजे म्हाताऱ्यांना. मथुराबाईंचं हृदय थकलं होतं, आठवड्याला तालुक्याच्या दवाखान्यात जाणं भाग होतं. खासगी जीप बाजाराच्या दिवशीच निघायची, डॉक्टर बाजाराच्या दिवशी नसायचे.

नागोरावांनी पुन्हा कंबर कसली. मुंबईला हेलपाटे घातले. पुण्यातल्या एका कार्यालयात मी सोबत गेलो होतो. तिथला तरुण अधिकारी फारच नम्र होता. त्यानं आम्हाला चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं की काम व्हायचं नाही. "सर, गाव रिकामं झालंय. गाडी नेमकी कुणासाठी सोडायची?" त्यानं विचारलं.

"जे राहिलेत त्यांच्यासाठी," नागोराव म्हणाले. "गेलेल्यांसाठी तुम्ही उड्डाणपूल बांधायलेतच की."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अधिकाऱ्यानं शांतपणे दुसरा कप विचारला.

शेवटी कसंबसं एका महिन्याचं आश्वासन मिळालं. गाडी महिनाभर चालवून बघू, निम्म्या जागा भरल्या तर ठेवू. नागोराव हरखून गेले. वाघोलीला जाऊन गावाकडच्या पोरांना भेटले. शनिवार-रविवार गावी जा, पण एसटीनंच जा, म्हणून विनवलं. पोरं 'हो काका, नक्की काका' म्हणाली. नागोरावांना मोठाल्या मंत्र्यांचं 'हो' खोटं असतं हे ठाऊक होतं, पण आपल्याच गावच्या पोरांचं त्यांनी खरं मानलं. मग बॅग भरून ते स्वतः महिनाभर कवठाळीला राहायला गेले.

परत आले त्या संध्याकाळी मी पार्किंगमध्येच त्यांना गाठलं. "काय झालं?" म्हटलं. ते वॉचमनच्या खुर्चीवर बसले आणि सांगू लागले.

गाडी आल्या दिवशी मथुराबाईंनी ओसरी सारवून घेतली होती. ड्रायव्हर-कंडक्टरसाठी पिठलं-भाकरी केली. दुसऱ्या पहाटे दोघं बहीणभाऊ गाडीत बसले. दारामागं आमदारांची राखीव जागा असते, खिडकीवर तसं लिहिलेलंही असतं. तिथं नागोरावांनी बहिणीला खिडकीशी बसवलं आणि आपण शेजारी बसले. माजी आमदाराला एसटीचा पास असतो. त्यांनी तो ऐटीत काढून दाखवला. रोज जायचं, रोज यायचं. बहिणीला दवाखाना नसेल त्या दिवशी एकटेच. एक माणूस तर एक माणूस, तेवढीच गाडीत भर. वाघोलीची पोरं आली नाहीत. एकजण आला, तो मोटारीनं, आणि एसटीला ओव्हरटेक करताना त्यानं काकांना हात केला.

महिना निम्म्याहून अधिक सरल्यावर, मथुराबाईंच्या ओसरीवर भाकरी खाताना कंडक्टरला राहवलं नाही. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या घरचं खातो म्हणून सांगतो. पास दाखवणारा माणूस आमच्या डेपोच्या हिशेबात येत नाही. तुम्ही बसता ती जागा रिकामीच धरतात."

दुसऱ्या दिवसापासून नागोरावांनी पास खिशातून काढला नाही. रांगेत उभं राहावं तसं उभं राहून तिकीट घेतलं, आणि राखीव जागा सोडून मागं जाऊन बसले. पण व्हायचं ते झालं. महिना संपला, गाडी बंद झाली. निरोप घेताना ड्रायव्हर मथुराबाईंच्या पाया पडला म्हणे.

मला संताप आला. "एवढी वर्षं आमदार होतात, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?" मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली.

"नव्हतं," ते म्हणाले. "पासाचं कौतुकच एवढं होतं, विचारावंसं वाटलं नाही."

"मग आता मथुराअक्कांना इकडं घेऊन या. इथं दवाखाने पायलीचे पन्नास आहेत."

"म्हणलो ना मी. हात जोडून म्हणलो, चल. आनंदनंही फोनवर सांगितलं. पण यायला तयार नाही."

"का?"

नागोराव उठून उभे राहिले. कशाला ते मला कळलं नाही. शर्ट खाली ओढून सरळ केला, सभेत करत तसा.

"अध्यक्ष महोदय, ती म्हणली, 'म्या बी तिकडं आले तर तू गाडी कुणासाठी मागशील?' याचं उत्तर मिळावं."

आमच्या सभेत उत्तर नसलं की मी विषय पुढच्या बैठकीवर ढकलतो. त्या दिवशी मला तेवढंही जमलं नाही. त्यांची बॅग मी उचलली, आणि आम्ही दोघे जिना चढू लागलो.