आजाऱ्यांच्या वहीतलं आईचं नाव

आई गेली तेव्हा मे महिना अर्धा सरला होता आणि जूनमध्ये माझं सातवीचं वर्ष सुरू व्हायचं होतं. सातवी म्हणजे तेव्हाची फायनल. ती पास झाली की मुलीला मास्तरीण होता येत असे, आणि मी मास्तरीण व्हावं हे आईने माझ्या जन्माआधीच ठरवलं असावं, इतकं ती त्याबद्दल बोलायची. तिला क्षय होता. वडील पलटणीच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते आणि लढाई चालू असल्यामुळे कुठेतरी इजिप्तकडे होते. त्यांची पत्रं यायची, पण त्यांत गावाचं नाव काळ्या शाईने खोडलेलं असायचं. साताऱ्यात आम्ही मायलेकी मावशीकडे राहत होतो. मावशी नर्स होती, बिनलग्नाची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. आईचं दुखणं तिनेच काढलं आणि आईला मूठमाती दिल्यावर तिचं अंथरूण परसात नेऊन जाळलं तेही तिनेच. मी पायरीवर बसून बघत होते. रडले नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून तिरसट. मला दुःख झालं की आधी राग येतो. त्या वेळी तो देवावर आला होता.

तो येणं रास्तच आहे असं मला वाटे. सबंध वर्षभर मी गुडघे टेकून एकच गोष्ट मागितली होती, दुसरं काही म्हणून मागितलं नव्हतं. नवी वहीसुद्धा मागितली नव्हती, उगाच देवाने एकाच्या बदली दुसरं द्यायला नको म्हणून. आई गेल्यावर मी मागणंच सोडून दिलं. घरात प्रार्थना व्हायची तेव्हा डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि आत मुकाट बसायचे. मावशीच्या ते लक्षात आलं असणार. तिने विषय काढला नाही.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळीच तिने मला सातारारोड स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. सोबतीला आमच्या ख्रिस्ती मंडळीतली एक म्हातारी होती, ती मिरजेला लेकीकडे चालली होती. दर वर्षी आई मला नवं दप्तर शिवून द्यायची. त्या वर्षी मावशीने बाजारातून तयार आणलं होतं. त्याचा पट्टा इतका कडक होता की खांद्याला काचत होता. गाडी सुटायच्या आधी मावशीने एक बंद पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"हे बाईंना दे. सगळं लिहिलंय त्यात. तुला तोंडाने काही सांगावं लागायचं नाही."

बाई म्हणजे सांगलीच्या आमच्या बोर्डिंगच्या मुख्य. मी पाकीट ट्रंकेत तळाच्या वर्तमानपत्राखाली सरकवून ठेवलं. लपवायचं असं तेव्हा मनात नव्हतं. हातात घेऊन बसवत नव्हतं, एवढंच.

आमच्या बोर्डिंगात साठेक मुली होत्या. बहुतेक चर्चच्या पाळकांच्या, शिक्षकांच्या, दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांना मोठ्या खोलीत जमवून वर्षारंभाची प्रार्थना होत असे. बाईंकडे एक जाड वही होती, तिला आम्ही आजाऱ्यांची वही म्हणत असू. कुणाचं माणूस दुखणाईत असलं की त्याचं नाव तीत चढायचं, आणि रोज सकाळी शाळा भरण्याआधी बाई ती नावं एकेक करून वाचायच्या आणि प्रत्येकासाठी दोन वाक्यं मागायच्या. सुट्टी संपली की त्या पहिल्या दिवशी वही तपासत. जो बरा झाला त्याचं नाव खोडायचं आणि देवाचे आभार मानायचे. जो गेला त्याचंही खोडायचं. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेलं माणूस प्रभूपाशी पोचलं, आता त्याच्यासाठी मागायचं काय उरलं, असं आमचे पाळक सांगायचे.

आईचं नाव आदल्या वर्षाच्या जुलैपासून त्या वहीत होतं.

बाई एकेकीला उभं करून विचारत होत्या. कुणाचे आजोबा काठी घेऊन हिंडायला लागले होते, कुणाचा भाऊ तसाच पडून होता. माझी पाळी आली.

"आईचं कसं आहे ग?"

मी उभी राहिले. पाकीट ट्रंकेत होतं. आणि मावशी म्हणाली होती की तोंडाने काही सांगावं लागणार नाही.

"आहे तसंच," मी म्हणाले.

"बरं. आपण मागत राहू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या आईचं नाव वाचलं. साठ माना खाली झुकल्या होत्या. "हिचा ताप उतरव, हिला अन्न गोड लागू दे, हिला उठून बसव." एवढंच त्या म्हणाल्या. पण तेवढ्या वेळात आई साताऱ्यात आपल्या खाटेवर उशीला टेकून बसलेली होती, अंगात ताप होता, आणि मावशी तिला पेज भरवत होती. माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला तो मी अजून विसरलेले नाही. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच मला पोटभर श्वास घेता आला. मी खोटं बोलले हे मला कळत होतं. खोटं देवाच्या समोर बोलले हेही कळत होतं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. त्याने माझं ऐकलं नव्हतं, मग मी त्याची भीड का धरू, असा माझा हिशेब.

पुढचे दिवस मी त्या सकाळच्या दोन वाक्यांवर काढले. नवा वर्ग, नवे मास्तर, भूमितीचं पुस्तक, ते सगळं माझ्या बाजूने वाहत गेलं. मैत्रिणी सुट्टीतल्या गमती सांगायच्या, मी पुस्तकात डोकं घालून बसायची, आणि आई आजारी आहे म्हणून कुणी मला छेडत नसे. सकाळी प्रार्थनेला मात्र मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. मॉनिटरीण म्हणाली, "यंदा फारच भाविक झालीस." मी तिला जीभ दाखवली.

आता आक्काचं सांगायला हवं. आक्का आमची स्वयंपाकीण. कवठे महांकाळच्या बाजूच्या कुठल्याशा खेड्यातली, पन्नाशीची, काटक. पाचसहा वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला होता. वाचता येत नव्हतं, वचनं पाठ होत नव्हती. प्रार्थना करायची ती शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तशी, भाकऱ्या थापता थापता. मुली तिची नक्कल करून हसायच्या. मीही करायची, आणि माझी नक्कल सगळ्यांत चांगली होती.

मोठ्या मुलींना स्वयंपाकघरात पाळ्या असत. माझी पाळी शुक्रवारची आली. रेशनच्या जोंधळ्याच्या भाकऱ्या आणि आमटी. सगळ्या मुली जेवून गेल्या की आक्का आणि पाळीच्या मुली बसायच्या. त्या शुक्रवारी माझ्याबरोबरची मुलगी तापाने निजली होती, म्हणून आम्ही दोघीच होतो. आक्काने मला वाढलं आणि स्वतः पाण्याचा तांब्या तोंडाला लावून भिंतीला टेकून बसली.

"तू जेवत नाहीस?"

"उपास हाय."

मी हसले. आमच्यात कुठला आलाय उपास, असं काहीतरी म्हणाले. ती पूर्वी देवीचे शुक्रवार करायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळकांनी तिला सांगितलं होतं की आता त्याची गरज नाही.

"गरज न्हाई म्हनत्यात, पर नको असं न्हाई म्हनाले," आक्का म्हणाली. "शुक्रवारीच परभू मेला न्हवं? मग त्यो वार त्याच्याच नावाचा केला. पोटात काय नसलं की मला जोर लावून मागता येतंय."

"काय मागतेस एवढं?"

"तुजी आई. बाई रोज नाव वाचत्यात, म्या हितनं ऐकती. गेल्या वर्सापास्नं वाचत्यात आनि तुजी आई काय उठंना. म्हनलं आपुन बी हात लावावा. शाळा उघडल्यापास्नं धरलाय. ती उठंस्तवर सोडायची न्हाई."

मोडलेला घास मी परत ताटात ठेवला. ती उठेपर्यंत. आक्काने बोललेलं मागे घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे आता ही बाई दर शुक्रवारी पहाटे जात्यावर बसणार, साठ जणींच्या भाकऱ्या बडवणार, आणि पाणी पिऊन दिवस काढणार, आणि याला शेवट नाही. मला तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर सकाळची दोन वाक्यं जाणार होती.

आणखी दोन शुक्रवार मी गप्प राहिले. ते दोन शुक्रवार आठवले की मला आजही स्वतःची लाज वाटते. मी भाकरी कमी खाऊ लागले, जणू त्याने काही फिटणार होतं. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी आक्का तव्यावरची भाकरी उलटायला वाकली आणि तशीच खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तव्याची कड मनगटाला लागून चटका बसला. मी पाणी आणलं, चटक्यावर तेल लावलं. ती म्हणाली, "काय न्हाई झालं, भाकरी जळंल बघ."

मी भाकरी उलटली. मग तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "आक्का, माझी आई गेली."

"कुटं?"

"मेली."

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

"कवा?"

"मे महिन्यात. सुट्टीत."

मला वाटलं ती आता बोलेल. खोटारडी म्हणेल, उपाशी मारलंस म्हणेल, आणि ते ऐकायला मी तयार होते. उत्तरसुद्धा तयार होतं. पण ती एवढंच म्हणाली, "आनि एवडं दिस तू हे एकटीच घिऊन हिंडत हुतीस व्हय?"

चुलीपुढे, पिठाच्या हातांनी, मी तोंड झाकून रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. आक्काने मला उगी केलं नाही. भाकऱ्या जळल्या तेवढ्या तिने बाजूला काढून ठेवल्या.

मग मी पाकिटाचं सांगितलं, तशी ती मला हाताला धरून आधी ट्रंकेकडे आणि मग बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पाकीट फोडून उभ्यानेच वाचलं. छडी बसेल असं मला वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, बराच वेळ पुसला, पुन्हा घातला.

"उद्यापासून ते नाव मला वाचता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तू येऊन बसशील ना? की उद्याचा दिवस नको येऊस?"

"येईन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या जागेवर बसले. आईच्या आधी एका म्हाताऱ्या मास्तरांचं नाव होतं, त्यांचा पाय सडत चालला होता. आईच्या नंतर एका नर्सबाईंचं तान्हं मूल. बाईंनी मास्तरांच्या पायासाठी मागितलं, आमेन झालं, आणि लगेच त्या मुलाचं नाव आलं. मधे काही नव्हतं. श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. मातीत पेटी उतरवताना मी पाहिली होती, वरून माती लोटताना पाहिली होती, पण माझी आई गेली ती त्या सकाळी, एका आमेनच्या आणि एका नावाच्या मधे. प्रार्थना संपल्यावर सगळ्या उठल्या. मला उठता येईना. मॉनिटरीण माझ्याशेजारी खाली बसली आणि शाळेची घंटा होईपर्यंत बसून राहिली. उशीर झाला म्हणून दोघींनाही कुणी बोललं नाही.

आठवडा गेला. शुक्रवारची पाळी आली. दुपारी सगळ्या जेवून गेल्या, आक्काने मला वाढलं आणि तांब्या घेऊन भिंतीला टेकली. मनगटावरच्या चटक्यावर खपली धरली होती.

मला राग आला. "आता कशाला? आई तर गेली."

"आईसाठी न्हाई."

"मग?"

"तुज्यासाठी. तू कुटं उठलीस अजून?"

मी ताट बाजूला सारलं. तिने पुन्हा माझ्यापुढे केलं. मी पुन्हा सारलं. अर्धी भाकरी मोडून तिच्या हातात दिली, तर तिने ती परत टोपलीत ठेवली; दिवस मावळल्याशिवाय ती काही खाणार नव्हती. तिचा हट्ट मोठा की माझा, हे त्या दिवशी कळायचं होतं. मीही जेवले नाही. शाळा सुटल्यावर मी परत स्वयंपाकघरात गेले आणि तिच्याशेजारी डाळ निवडत बसले. ती अधूनमधून पुटपुटत होती, तिच्या त्या बांधावरच्या माणसाशी, आणि त्यात माझं नाव येत होतं. तिच्या पोटात गुरगुरलेलं मला ऐकू आलं. ती आपली डाळ निवडत राहिली.

खिडकीतून ऊन अजून चांगलं हातभर आत आलेलं होतं. मी ताटली खाली ठेवली आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांत मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, आज दिवस जरा लवकर मावळू दे. हिला भूक लागली आहे.