क्रुसाजवळचा वारा आणि रिकामी झालेली माचीस

आमच्या पाली गावात राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लेंट, सुरू होतो त्या दिवशी, सिगारेट सोडणारे खूप, आणि ईस्टरचा मिस्सा संपला की चर्चच्या मागे जाऊन पहिली पेटवणारे पण तेच. मी दरवर्षी त्यातलाच. ह्या वर्षी मात्र मला परत ओढायची नव्हती, कारण लेंटमध्ये मित्रांसोबत घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो आणि पहिल्यांदाच धाप न लागता वर पोचलो. इतकं भारी वाटलं ना, काय सांगू. पण ईस्टर झाला आणि सगळं सैल पडलं. लेंटमध्ये देवाला शब्द दिलेला असतो, तो धरून ठेवतो. नंतर कोण धरणार? मीरा रोडला ऑफिसखाली टपरीवर सगळे ओढतायत आणि मी च्युइंगम चघळत उभा. झोप नाही, चिडचिड, आईवर ओरडणं. प्रार्थनेला बसलो तरी मन टपरीवरच. देव काय लेंटपुरताच सोबत असतो का, असं पण वाटून गेलं, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसाजवळ सगळे जमतात. तेर्स म्हणतात, म्हणजे रोझरी, मेणबत्त्या लावतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. त्या दिवशी ऑफिसातून येताना मी एक सुट्टी सिगारेट आणि माचीस घेतलीच. ठरवलं होतं, तेर्स झाली की बोंबील सुकत घालतात त्या वलांड्यांच्या मागे जायचं, कोणाला कळतंय.

पण समुद्रावरून असा वारा सुटलेला की मेणबत्ती लागतेय आणि विझतेय. तेर्स आई सांगणार होती, ती खोळंबून उभी. शेजारच्या रोझी मावशीच्या काड्या संपल्या. "अरे, कोणाकडं काडी हाय का?" ती विचारत होती आणि माझा हात खिशावरच. माचीस काढली असती तर आईला लगेच कळलं असतं. तेवढ्यात बाजूला उभे असलेले बस्त्याव काका हळूच म्हणाले, "दे की काढून."

"काय काका?"

"तुझा हात सारखा खिशावर जातोय. माझा पण जायचा."

काका मासेमारीच्या बोटीवर असतात. लहानपणापासून मी त्यांच्या तोंडात बिडीच बघितलेली. ती कधी गेली हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, गावात कोणाच्याच नाही.

मी माचीस काढली. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि रोझरीची माळ हातात घेतली. काकांनी हातांचा आडोसा केला, मी काडी ओढली आणि एका काडीत मेणबत्ती लागली. रोझी मावशी म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात? लय प्रॅक्टिस हाय रं बाबा तुझी." सगळे हसले, मी पण हसलो, खरंच होतं ते. मग आई 'नमो मरिये' म्हणतेय आणि आम्ही दोघं क्रुसाजवळ गुडघ्यांवर. वारा विझवतोय, आम्ही लावतोय, परत विझतेय, परत लावतोय. शेवटची प्रार्थना, लितानी, संपली तेव्हा माचीस रिकामी होती, आणि मला एकदम कळलं की एवढा वेळ मला सिगारेटची आठवणच आली नव्हती.

"आता ती कशानं पेटवशील?" काकांनी विचारलं. मग हनुवटीनेच क्रुसाकडे दाखवून म्हणाले, "मेणबत्ती हाय की पेटलेली."

मी त्या ज्योतीकडे बघितलं. त्यातून सिगारेट पेटवायची? मला हसूच फुटलं, त्यांना पण. "क्रुसापाशी काय खिदळता रं? हात पुढं करा," रोझी मावशी ओरडली. चणे गरम होते, दोन्ही हातांची ओंजळ करावी लागली. त्याआधी मी सिगारेट काकांकडे दिली. त्यांनी ती कुस्करून वाऱ्यावर सोडली.

मग ओट्यावर बसून चणे खाता खाता म्हणाले, "मी कोणाला सांगितलं न्हाय, कारण सुटली का न्हाय माझंच मला ठाव नव्हतं. अजून संध्याकाळी वाटतं. मग हातात जाळं घेतो. तुला वाटलं तर फोन कर." इतका मोठा माणूस, आणि माझ्यासमोर असं सरळ बोलला. मला त्यांचं एवढं कौतुक वाटलं की माझ्या ओंजळीतले उरलेले चणे मी त्यांच्या हातात ओतले.

पुढे अख्खा मे मेणबत्त्या आम्हीच लावल्या. ऑफिसातला जेसल पार्कचा माझा बौद्ध मित्र पण सोडतोय, तो बाईकवरून यायचा. त्याला तेर्स येत नाही, पण आडोसा झकास धरतो.

ह्याला चमत्कार म्हणायचं का, मला नाही माहीत. मेमध्ये आमच्याकडे वारा असतोच. मी देवाकडे मागत होतो, तलफ घालव. ती गेली नाही, आजही येते. पण त्या संध्याकाळी त्याने माझ्या बाजूला कोणाला उभं केलं ते मी बघितलंय, आणि आता मी एकट्याने मूठ आवळून बसत नाही. तलफ आली की काकांना फोन लावतो. ते हॅलो पण म्हणत नाहीत.

"काय रं, वारा सुटला का?"

"सुटलाय, काका."

"थांब, आलो."