समासातला पेन्सिलीचा प्रश्न

दिवाळी अंकासाठी दिलेला लेख संपादकबाईंनी परत पाठवला. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, ‘लेख पत्नीवर आहे ना? मग त्या एकदाही बोलत का नाहीत?’

माझं डोकंच फिरलं. संसार माझा, आणि शिकवणार या! हिच्या मौनावर तर मी अख्खं पान लिहिलं होतं. तणतणत स्वयंपाकघरात गेलो आणि गवार मोडत बसलेल्या बायकोला सगळं ऐकवलं.

“झालं?” ती म्हणाली. “आता मी बोलू, की अंक निघेपर्यंत थांबू?”

संताप अजून आहे, पण स्वतःवर. तिचं मौन म्हणून मी जे मिरवलं, ते माझं तिला बोलू न देणं होतं. मला संसारभर कळू नये, आणि बाईंना एका वाचनात दिसावं!

ते पान फाडलं. गवारीचं ताट पुढ्यात ओढून म्हणालो, “बोल.”