कामठ्याला भाजलेल्या मेक्सिकोच्या बाहुल्या

कामठ्याच्या सुमित्राबाई कुंभाराच्या घरच्या, पण त्यांनी कधी चाक फिरवलं नाही. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज. नवरा मनिराम गेला आणि चाक थांबलं ते थांबलंच. मग नुसत्या हातानं पोळ्याचे बैल घडवून त्या बाजारात विकत.

मी उमेंद्र, गोंदियात हॉटेलांच्या सजावटीची कामं घेतो. सडक अर्जुनीजवळ हायवेवर घनश्यामशेठनं नवं हॉटेल बांधलं. भिंतीवर त्याला मेक्सिकोच्या मातीच्या बाहुल्या हव्या होत्या. दोन वेण्या, वेण्यांत रंगीत रिबिनी, झालरीचा घागरा. मागवतो म्हणालो आणि मोबाइलमधला फोटो घेऊन थेट कामठा गाठलं. असा मी हुशार.

"वेण्या त आमच्या पोरीईसारख्याच आहेत जी," फोटो पाहून सुमित्राबाई हसल्या.

भिंतीला लावायच्या म्हणून बाहुल्या चपट्या हव्या होत्या. पहिल्या खेपेला भट्टीत सगळ्या तडकल्या. बाईंनी मातीत धानाचा कोंडा मळून पुन्हा केल्या. बारा बाहुल्या, बाराही चेहरे निराळे. शेठला मी सांगितलं, पार्सल मेक्सिकोहून आलं. त्यानं ते गावभर केलं.

उद्घाटनाला सुमित्राबाई येतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांची मुलगी सडक अर्जुनीतच दिलेली. ठेवणीतलं लुगडं नेसून, विहीण अन्नपूर्णाबाईंना सोबत घेऊन त्या आल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहून एकेक बाहुली बोटानं दाखवू लागल्या.

"ये कौन है, उमेंद्रभाऊ?" शेठनं विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आपल्याच आहेत. पुसायला बोलावलंय."

सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं पितळ उघडं पाडणं त्यांच्या हातात होतं.

"हो जी," त्या म्हणाल्या, "पुसाले आली."

विहीण चमकली. "तुमी त म्हनत होत्या, म्याच बनवल्या म्हून."

"गंमत केली जी, विहीनबाई. मले कुठं येते असं."

शेठनं खुशीत माझ्या पाठीवर थाप दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. समोर सुमित्राबाई, विहिणीदेखत, पदरानं एकेक बाहुली पुसत होत्या.