रंग न दिलेली काच

डॉक्टरांनी मला फसवलं. खापर मात्र तात्या सावंतांवर फुटलं, आणि ते डोक्यावर घेऊनच तात्या गेले.

तात्यांची बोटं कायम निळी-जांभळी असायची. संपाआधी ते परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. संपानंतर त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा दादरला कुत्र्यांच्या एका दवाखान्यात लागले. कुत्र्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून थेंब घ्यायचा, काचेवर पातळ पसरायचा, वाळवून रंग द्यायचा. रक्तातले जंतू रंग दिल्यावरच मायक्रोस्कोपखाली दिसतात. तात्या म्हणायचे, "रंग चढल्याबिगर कापड बोलणा नाय. काच पण तशीच."

लालबागला माझं मिरची-मसाल्याचं दुकान, पोती वाहून उभं केलेलं. माझा कुत्रा सोन्या जेवेना, अंग तापलेलं, म्हणून दुपारी त्याला त्या दवाखान्यात नेलं. "गप रव रे, हळद लावतंय तुका," म्हणत तात्यांनी थेंब काढला. रंगाची बाटली संपली होती. ती आणायला ते बाहेर पडले. तेवढ्यात डॉक्टरांनी मला कागद दिला : रक्तात जंतू नाहीत. ऊन बाधलंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या दुकानात हजर. "शेठ, ती काच कोरीच होती, बिनरंगाची. मी काल सांजेक रंगवलंय, बघलंय. गोचिडाचो ताप आसा. आजच दुसऱ्या डॉक्टराकडे न्या."

समोर गिऱ्हाइकं उभी. मी भडकलो. "डॉक्टर तुम्ही की ते? काचा धुवायच्या सोडून मला शिकवता?"

"काचाच धुतंय, शेठ. म्हणान कोरी खंयची ता माका कळता."

तिसऱ्या दिवशी सोन्याची लघवी कॉफीच्या रंगाची झाली. मग मी त्याला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे धावलो. संध्याकाळपर्यंत तो गेला.

दवाखान्यात जाऊन मी टेबलावर हात आपटला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सावंतांनी काचांची अदलाबदल केली. त्यांना काढून टाकलंय." तात्या डबा घेऊन दारातच उभे होते. डॉक्टरांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "खंय पुरलात सोन्याक?"

त्यानंतर कुठल्या दवाखान्यानं त्यांना घेतलं नाही. चाळीत पोरं 'कुत्रामार' म्हणायची. दोन वर्षांत तात्या गेले. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, बाबांनी खरंच काच बदलली होती?"

तात्यांचं ऐकलं नाही, ही माझी चूक. ती मी इथे लिहिली. डॉक्टर, तुमची तुम्ही लिहा, खाली सही करा आणि त्या मुलीच्या हातात द्या. कोऱ्या काचेवर त्या दुपारी तुम्ही काय वाचलंत?