शेवटच्या पानापासून वाचणारी मावशी

माझी मावशी कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचते, अगदी हॉटेलचं मेन्यूकार्डसुद्धा. बत्तीस वर्षं तिने विमा कंपनीच्या मोटार विभागात क्लेम तपासले. तिचं म्हणणं, काय काय मिळतं ते पहिल्या पानावर असतं आणि काय मिळत नाही ते शेवटच्या. ऑफिसातले लोक तिला टरकून असत आणि घरातले आम्हीही.

तिच्या मुलीला परदेशात बाळ झालं. मुलगी विमानतळापासून चार तासांवर राहते. ओली बाळंतीण घ्यायला येणार कशी, म्हणून गाडी भाड्याने घ्यायचं ठरलं आणि चालवायला माझी वर्णी लागली. निघण्याआधी मावशीने स्वतःचाही आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. चौसष्टावं वर्ष, आणि स्टिअरिंगला हात लावून सहा वर्षं झालेली. मी विचारलं, विमान चालवायचं पण शिकून घेतेस का? ती हसली नाही.

गाड्यांच्या काउंटरवरच्या मुलीने विम्याचे तीन प्रकार दाखवले. मी सगळ्यात महागड्या, 'संपूर्ण' म्हणवणाऱ्या प्रकारावर खूण करून मोकळा होणार, तेवढ्यात मावशीने कागद ओढला आणि चष्मा लावून उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. त्या संपूर्ण प्रकारात काचा, टायर आणि गाडीचा तळ नव्हताच. मावशीच्या लेकीच्या घराकडचा शेवटचा रस्ता खडीचा होता. मावशीने मधला प्रकार घेतला आणि काचा, टायर, तळ वेगळे जोडून घेतले. मागे रांग वाढत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी तिचं बोट पुढच्या ओळीवर सरकलंच. करारात नाव नसलेल्याने गाडी चालवली, तर विमा लागू नाही.

"माझं नाव घाला," ती म्हणाली. त्याचे रोजचे वेगळे पैसे पडत होते. मी कपाळाला हात लावला.

दोन तासांनी, झाडीतल्या निर्मनुष्य रस्त्यावर, माझ्या पोटात उजवीकडे अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि दार उघडून ओकलो. फोनला रेंज नव्हती. मावशीने मला ढकलत शेजारच्या सीटवर बसवलं, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली. उलट्या बाजूचा रस्ता, उलट्या बाजूचं स्टिअरिंग. तीस किलोमीटर तिने गाडी तशीच दामटली. हॉस्पिटलच्या फाटकाच्या खांबाला गाडीची अख्खी बाजू घासली, तरी थांबली नाही, थेट दारात नेऊन उभी केली. अपेंडिक्स होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर फुटलं असतं.

तिसऱ्या दिवशी गाडीवाल्यांचा फोन आला. कोण चालवत होतं, एवढंच त्यांनी विचारलं. करारात नाव सापडलं आणि विषय मिटला. मी मावशीचा हात धरला. म्हटलं, तू नाव घातलंस म्हणून मी वाचलो.

"नाव नसतं तरी चालवलीच असती. तुला काय रस्त्यात सोडणार होते?" ती म्हणाली. मग तिने खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढली. "मी नोकरीला लागले त्या वर्षी एक क्लेम आला होता. एका माणसाच्या शेजारणीला कळा सुरू झाल्या, तिचा नवरा गावाला. म्हणून त्याने त्या नवऱ्याची गाडी काढली आणि वाटेत ठोकली. बाई वाचली, बाळही. पण पॉलिसी ठरावीक चालकांपुरतीच होती, आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. मी नामंजूर केला. नियमाने बरोबरच होतं. तो भांडला नाही रे. एवढंच म्हणाला, ताई, अशा वेळी कागद कोण बघत बसतं?"

तिने माझं पांघरूण सारखं केलं.

"तेव्हापासून मी आधीच बघून ठेवते."

आठवड्याने आम्ही मुलीच्या घरी पोचलो. मावशीने नातवाला माझ्या मांडीवर दिलं, टाके सांभाळ म्हणाली. त्या इवल्याशा जिवाला धरून बसलो आणि मला त्या दुसऱ्या बाळाची आठवण झाली, जे आता माझ्याहून मोठं असेल. त्या शेजाऱ्याला कंपनीने काहीच दिलं नाही. त्याच्या त्या एका वाक्यामुळे आम्हाला मात्र एक पैसाही भरावा लागला नाही, हे त्याला कधी कळणारही नाही. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.